झेंगवहिनींचं आरमार

समुद्री चाचे म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर काय येतं? एका डोळ्यावर काळी पट्टी, खांद्यावर पोपट, एक पाय लाकडाचा आणि हातात रमची बाटली. २००३ पासून त्यात जॅक स्पॅरोचं काजळ आणि ते झुलत झुलत चालणं, एवढी भर पडली. या सगळ्या सामानात एक गोष्ट आपण न बोलता धरून चालतो, ती म्हणजे चाचा हा बाप्याच असणार. आपल्या भाषेनंही दुसरी सोय ठेवलेली नाही. 'चाचा'चं स्त्रीलिंग काय करणार? 'चाची' म्हटलं की हिंदी सिनेमातली लाटणं घेतलेली काकू येते :) त्यामुळे या लेखात मी सरळ 'चाचे बायका' म्हणणार आहे. व्याकरणवाल्यांनी सांभाळून घ्यावं.

गेले तीन-चार वीकेंड मी या बायकांबद्दल मिळेल ते वाचतेय. सुरू केलं तेव्हा अपेक्षा साधी होती. तलवारी, वेषांतर, धाडस, थोडं प्रेमप्रकरण. ते सगळं मिळालंच. पण वाचता वाचता वेगळाच प्रश्न डोक्यात बसला. सगळ्यात प्रसिद्ध चाचे बायकांची कारकीर्द जेमतेम दोन महिन्यांची, आणि जिच्या हाताखाली हजारो माणसं होती तिचं नाव आपल्यातल्या बहुतेकांनी ऐकलेलंही नाही. असं का? आणि बाई मुळात चाचेगिरीत शिरायची कशी?

उत्तर मला तीन किनाऱ्यांवर मिळालं. एकेक करून बघू.

* * *

पहिला किनारा कॅरिबियन. अ‍ॅन बॉनी आणि मेरी रीड या दोघी इथल्या. 'असॅसिन्स क्रीड'चा २०१३ साली आलेला चाच्यांचा भाग खेळलेल्यांना दोघी माहीत असतील, 'ब्लॅक सेल्स' ही मालिका पाहिलेल्यांना निदान अ‍ॅन तरी.

स्थळ बहामा बेटांवरचं नासाऊ बंदर, काळ ऑगस्ट १७२०. दोन-तीन वर्षांपूर्वीपर्यंत नासाऊ म्हणजे चाच्यांचा अड्डाच होता. मग १७१८ मध्ये वुड्स रॉजर्स नावाचा गव्हर्नर आला. 'चाचेगिरी सोडा, माफी घ्या' अशी राजाची स्कीम तो घेऊन आला आणि बऱ्याच जणांनी ती पत्करली. जॉन रॅकम ऊर्फ 'कॅलिको जॅक' हा त्यांच्यापैकीच एक. पण सरळ आयुष्य काही त्याला मानवलं नाही. त्यानं थोडी माणसं जमवली, अ‍ॅन आणि मेरी बरोबर आल्या, आणि या मंडळींनी बंदरात नांगरून ठेवलेलं 'विल्यम' नावाचं छोटं गलबत पळवलं.

सप्टेंबरच्या सुरुवातीला रॉजर्सनं जाहीरनामा काढून सगळ्यांना चाचे ठरवलं. त्यात पुरुषांच्या बरोबरीनं या दोघींचीही नावं आहेत. हे लक्षात ठेवा, कारण पुढे गोष्ट अशी रंगली की दोघी पुरुषी वेशात लपून जहाजावर राहत होत्या आणि कुणाला संशयसुद्धा आला नाही. अहो, गव्हर्नरला माहीत होतं! नावासकट!

आता लुटीचा हिशेब बघा. खटल्याच्या कागदांत सगळी यादी आहे. सात मासेमारी होड्या लुटल्या. त्यांतले मासे आणि सामान मिळून किंमत दहा पौंड. एका गलबतावरून तंबाखूचे पन्नास रोल आणि पिमेंटो मसाल्याची नऊ पोती. आणखी एक-दोन गलबतं. सोन्याच्या मोहरांची पेटी वगैरे काही नाही.

डोरोथी थॉमस नावाची एक बाई वाणसामान भरून स्वतःच्या होडीतून चालली होती, तिलाही यांनी लुटलं. खटल्यात तिची साक्ष फार महत्त्वाची ठरली. तिनं सांगितलं की दोघींनी पुरुषांची जाकिटं आणि लांब पँटी घातल्या होत्या, डोक्याला रुमाल बांधले होते, हातात कोयता आणि पिस्तूल होतं. तरी छातीवरून बायका आहेत हे तिनं ओळखलं. आणि या दोघी आपल्या माणसांवर ओरडत होत्या, हिला मारून टाका, नाहीतर ही उद्या आपल्याविरुद्ध साक्ष देईल. माणसांनी मारलं नाही. तिनं साक्ष दिली. म्हणजे त्या गलबतावर पुढचा विचार करणाऱ्या या दोघीच होत्या असं म्हणायचं!

दोन फ्रेंच साक्षीदारांनी आणखी एक तपशील दिला. एखादं जहाज दिसलं, पाठलाग सुरू झाला किंवा हल्ला करायचा असला की दोघी पुरुषांचे कपडे घालायच्या. एरवी बायकांच्याच कपड्यांत असायच्या. म्हणजे ते वेषांतर कमी आणि कामाचे कपडे जास्त. आपल्याकडे कासोटा घालून चिखलात लावणीला उतरणाऱ्या बाईला कुणी 'वेषांतर केलंय' म्हणतं का? पायघोळ झगा घालून दोरखंडावर चढता येत नाही, इतकं साधं ते आहे.

ऑक्टोबरमध्ये जमैकाच्या पश्चिम टोकाला, नेग्रिलजवळ, जोनाथन बार्नेट नावाच्या कप्तानानं त्यांना गाठलं. प्रसिद्ध गोष्ट अशी की पुरुष दारू पिऊन तळघरात लपले आणि डेकवर लढत राहिल्या त्या या दोघी. खटल्यातली साक्ष मात्र थोडक्यात आटपते. चाच्यांनी एक तोफ डागली, बार्नेटनं उलट मारा केला, चाच्यांनी शरणागती मागितली. १८ नोव्हेंबरला रॅकमला फाशी झाली. २८ नोव्हेंबरला दोघींचा खटला चालला, त्यांनाही फाशीच सुनावली गेली. तेव्हा दोघींनी सांगितलं की आम्ही गरोदर आहोत. इंग्लिश कायद्यात अशी फाशी लांबणीवर टाकावी लागे. मेरी रीडच्या दफनाची नोंद एप्रिल १७२१ ची आहे. अ‍ॅन या कागदांमधून नाहीशी होते.

एवढंच. ऑगस्ट ते ऑक्टोबर. आमच्याकडे एक रिलीज यापेक्षा जास्त दिवस चालतो.

मग एवढी कीर्ती कुठून आली? १७२४ मध्ये लंडनला 'कॅप्टन चार्ल्स जॉन्सन' या टोपणनावानं चाच्यांची चरित्रं सांगणारं पुस्तक निघालं. त्यात दोघींचं बालपण आहे, मेरीची सैन्यातली नोकरी आहे, लग्न आहे, खाणावळ आहे. फाशीआधी भेटायला आलेल्या रॅकमला अ‍ॅननं कसं झापलं तेही आहे. खटल्याच्या कागदांत यातलं काही नाही. पुढच्याच वर्षी डच आवृत्ती निघाली, तिच्या चित्रांत दोघींचे अंगरखे पार उघडे. पुस्तक कोणत्या जोरावर खपवायचं हे प्रकाशकाला बरोबर कळलं होतं. तीनशे वर्षांत त्यात फारसा फरक पडलेला नाही.

* * *

दुसऱ्या किनाऱ्यासाठी दीडेकशे वर्षं मागे जायचंय, अटलांटिकच्या पलीकडच्या काठाला. आयर्लंडच्या पश्चिमेला क्लू बे नावाचं आखात आहे. तिथल्या ओमॅली घराण्यात १५३० च्या आसपास ग्रॉन्या जन्मली. इंग्रजीत तिला ग्रेस ओमॅली म्हणतात.

ओमॅली हे दर्यावर्दी घराणं. मासेमारी, व्यापार, आपल्या पाण्यातून जाणाऱ्यांकडून पैसे घेणं, न देणाऱ्यांना लुटणं, सगळं एकत्र. आता यातला शेवटचा भाग चाचेगिरी आहे का? आपण मराठी माणसांनी तरी या प्रश्नावर थोडं थांबावं. कान्होजी आंग्र्यांचंही म्हणणं हेच होतं की आमच्या किनाऱ्यावरून जायचं तर आमचं दस्तक घ्या. मुंबईच्या इंग्रजांनी त्यांना 'पायरेट' लिहिलं, आपण सरखेल म्हणतो. आणि त्यांच्या दोनशे वर्षं आधी पोर्तुगीज हिंदी महासागरात 'कार्ताझ' नावाचे परवाने विकत होते, न घेणाऱ्यांची जहाजं पकडत होते. त्याला मात्र राज्यकारभार म्हणायचं. चाचा कोण हे बरेचदा वही कुणाच्या हातात आहे त्यावर ठरतं.

तर ग्रॉन्या. १५७७ मध्ये इंग्रजांचा आयर्लंडमधला प्रतिनिधी सर हेन्री सिडनी याला ती भेटली आणि तीन गलबतं आणि दोनशे लढवय्ये देऊ केले. नवरा बरोबर होता, पण दोघांत वरचढ तीच, असा शेरा सिडनीनं मारून ठेवलाय. पुढे १५८४ मध्ये रिचर्ड बिंगम हा कडक माणूस त्या प्रांताचा गव्हर्नर झाला आणि तिचे वाईट दिवस सुरू झाले. गुरंढोरं गेली, एक मुलगा मारला गेला. १५९३ मध्ये बिंगमनं दुसऱ्या मुलाला आणि भावाला अटक केली, तेव्हा साठीच्या या बाईनं थेट एलिझाबेथ राणीला अर्ज लिहिला.

लंडनहून उत्तरादाखल आली प्रश्नावली! राणीचा मंत्री लॉर्ड बर्ली यानं अठरा प्रश्न काढले. वडील कोण, नवरे कोण, मुलं किती, विधवेला तुमच्याकडे काय वाटा मिळतो. व्हिसाचा फॉर्म भरलेल्यांना परिचयाचा वाटेल असा प्रकार. तिनं सगळ्यांची उत्तरं दिली, आणि सप्टेंबरमध्ये ग्रिनिचच्या राजवाड्यात दोघींची भेट झाली. राणीनं तिच्या माणसांना सोडायचा हुकूम दिला.

गंमत बघा, १६३० च्या दशकात आयरिश भाषेत संकलित झालेल्या 'फोर मास्टर्स'च्या मोठ्या बखरीत तिचं नावसुद्धा नाही. आपल्या माणसांनी वगळली, आणि शत्रूच्या फायलीत ती अठरा प्रश्नोत्तरांसकट शिल्लक राहिली.

तिला पुरुषी कपड्यांची गोष्ट लागत नाही, हेही लक्षात घ्या. घराण्याची गलबतं होती, माणसं ओमॅली नावाला मानत होती. बाईला शिरायला तिथे दार होतं. अरुंद होतं, पण होतं.

* * *

आता तिसरा किनारा, दक्षिण चीनमधला ग्वांगडोंग प्रांत. हाँगकाँग आणि मकाव ज्याच्या पायथ्याशी आहेत तो. आणि इथे आहे आपली मुख्य पात्र, झेंग यी साओ. इंग्रजी पुस्तकांत ती 'चिंग शी' किंवा 'मादाम चिंग' असते. २००७ च्या 'पायरेट्स ऑफ द कॅरिबियन'मधली मिस्ट्रेस चिंग तिच्यावरूनच बेतलेली.

तिचं स्वतःचं नाव शी यांग. जन्म १७७५ चा. पण इतिहासात ती ज्या नावानं राहिली त्याचा अर्थ मराठी माणसाला इंग्रजांपेक्षा पटकन कळेल. चिनी भाषेत 'साओ' म्हणजे थोरल्या भावाची बायको. म्हणजे झेंग यी साओ याचा सरळ अर्थ 'झेंग यी वहिनी'! इंग्रजीत याचं 'झेंग यीची बायको' असं भाषांतर करतात, तेव्हा त्यातला मान आणि घरोबा दोन्ही निघून जातो. मला तर हे वाचल्यापासून तिला झेंगवहिनीच म्हणावंसं वाटतंय.

वहिनींच्या आधी तिथला किनारा समजून घ्यायला हवा. ग्वांगडोंगमध्ये होडीवरच राहणारी फार मोठी वस्ती होती. जन्म होडीवर, लग्न होडीवर, मरणही होडीवर. जमिनीवरचे लोक त्यांना हलकं समजायचे. पण या समाजातल्या बायका वल्हवायच्या, सुकाणू धरायच्या, मासे विकायच्या. पोर पाठीला बांधलेलं आणि हातात वल्हं. आणि त्यांचे पाय मोकळे होते. जमिनीवरच्या घरांतल्या मुलींचे पाय लहानपणी घट्ट बांधून वाकवायची जी रीत होती, ती यांच्यात नव्हती. बांधलेल्या पायांनी हलत्या होडीत उभंच राहता येत नाही. चाच्यांची बरीचशी माणसं याच वस्तीतून आणि कोळी गावांतून यायची आणि कुटुंबकबिला जहाजावरच असायचा. कॅरिबियनमध्ये बाई जहाजावर असणं हीच बातमी होती. इथे नसती तर बातमी झाली असती.

लग्नाआधी ती ग्वांगझूच्या बंदरात वेश्याव्यवसायात होती असं तिच्याबद्दल लिहिलं जातं. १८०१ मध्ये तिनं झेंग यी या चाच्यांच्या म्होरक्याशी लग्न केलं. त्या वेळी शेजारच्या व्हिएतनाममध्ये ताय सोन राजवटीची लढाई चालू होती आणि ती राजवट चिनी चाच्यांना पदव्या, आसरा आणि भरपूर काम देत होती. १८०२ मध्ये ताय सोन संपले. थोडक्यात, सगळ्यात मोठा क्लायंट बुडाला आणि हजारो माणसं बेंचवर आली. ग्वांगडोंगला परतल्यावर ती एकमेकांच्याच जिवावर उठली.

यातून झेंग यीनं मार्ग काढला. १८०५ मध्ये सात म्होरक्यांनी लेखी करारावर सह्या केल्या. प्रत्येक जहाजाची नोंद होणार, दुसऱ्यानं पकडलेला माल कुणी हिसकावायचा नाही, भांडण झालं तर निवाडा एकत्र बसून करायचा. सात म्होरके सह्या करून गेले, पुढे त्यातून सहा आरमारं उभी राहिली, झेंड्याच्या रंगावरून ओळखली जाणारी. लाल, काळं, पांढरं, हिरवं, निळं, पिवळं. झेंग यीचं लाल आरमार सगळ्यात मोठं.

नोव्हेंबर १८०७ मध्ये झेंग यी मेला. वहिनी बत्तीस वर्षांच्या, पदरात दोन लहान मुलगे, आणि भोवती सहा रंगांची आरमारं. आपल्या इतिहासात अशा वेळी काय होतं ते सांगायला नको. भाऊबंदकी. वहिनींनी आधी नवऱ्याच्या नातलगांतली वजनदार माणसं आपल्याकडे वळवली. मग लाल आरमाराची रोजची सूत्रं झांग बाओकडे दिली. हा एका कोळ्याचा मुलगा. पंधराव्या वर्षी झेंग यीनं त्याला पळवून आणलं होतं आणि पुढे मानसपुत्र केलं होतं. माणसं त्याला मानत होती आणि तो वहिनींना मानत होता. पुढे दोघांचे संबंध जुळले आणि शेवटी लग्नही झालं.

काही ठिकाणी हे सगळं 'नवऱ्याची गादी आयती मिळाली, मग मानसपुत्रावर भागवलं' अशा सुरात येतं. मी टीम लीड झाले तेव्हा एका जुन्या ऑफिसात 'मॅनेजरची मर्जी' असं कुजबुजल्याचं माझ्या कानावर आलं होतं, त्यामुळे हा सूर मला ओळखीचा आहे. नवऱ्याचं आरमार मिळतं हो, पण ते तीन वर्षं टिकत नाही. सहा रंगांच्या दरोडेखोरांना एका दोरीत ठेवणं ही वारशात मिळणारी गोष्ट नाही.

टिकलं कसं? हिशेबानं. लुटीचा सगळा माल आधी नोंदवायचा. दहातले दोन भाग पकडणाऱ्याला, आठ भाग सामायिक भांडारात. भांडारातून कुणी परस्पर काही उचललं तर मुंडकं. वरचा हुकूम मोडला किंवा स्वतःच्या मनानं हुकूम सोडला तरी मुंडकं. पकडून आणलेल्या बाईवर बलात्कार केला तर मृत्युदंड. ही कलमं युआन योंगलुन याच्या १८३० च्या इतिहासात झांग बाओच्या नावावर आहेत. इंटरनेटवर मात्र ती सर्रास वहिनींच्या नावावर फिरतात.

पण खरा धंदा लुटीपेक्षा खंडणीचा होता. मिठाची जहाजं, मालाची जहाजं, कोळ्यांच्या होड्या, सगळ्यांनी पैसे भरून परवाना घ्यायचा. परवाना दाखवला की चाचे हात लावणार नाहीत. मोडला तर त्यांच्याच माणसाला शिक्षा. पैसे गोळा करायला किनाऱ्यावर ठाणी. पुन्हा तेच दस्तक! चीनच्या बादशाहीचं आरमार यांच्यापुढे इतकं हतबल झालं की १८०९ मध्ये नवा सुभेदार बाई लिंग यानं किनाऱ्याचा व्यापार शक्य तेवढा समुद्रावरून हटवून जमिनीच्या रस्त्यानं वळवला. म्हणजे चाच्यांना खायलाच मिळू नये.

आणि इथून गोष्ट काळी होते.

समुद्रावर मिळेना म्हणून त्या वर्षी लाल आरमार नद्यांमधून आत शिरलं आणि गावं लुटायला, जाळायला लागलं. याचं वर्णन करणारा माणूस त्यांच्याच जहाजावर होता. रिचर्ड ग्लासपूल, ईस्ट इंडिया कंपनीच्या जहाजावरचा अधिकारी. सप्टेंबर १८०९ मध्ये तो पकडला गेला, डिसेंबरमध्ये सुटला. त्याच्या खंडणीत रोख पैशांबरोबर कापड, बंदुकीची दारू, एक दुर्बीण आणि दोन पेट्या अफू होती. तो लिहितो की एका गावातून सुमारे अडीचशे बायका आणि काही मुलं पकडून आणली. पुरुष पळाले, बायकांना पळता आलं नाही, कारण त्यांचे पाय बांधलेले होते. त्यांतल्या शंभरेक बायका खंडणी देऊन सुटल्या. उरलेल्या चाच्यांनाच विकल्या गेल्या, चाळीस डॉलरला एक. विकत घेणाऱ्याची ती कायदेशीर बायको; टाकून दिली तर त्याला मृत्युदंड. काहींनी समुद्रात उड्या घेऊन जीव दिला.

हे वाचल्यावर मी लॅपटॉप मिटून ठेवला होता. महिला दिनाच्या मेलमध्ये 'इतिहासातल्या शक्तिशाली स्त्रिया' अशी यादी येते ना, तिच्यात झेंगवहिनी अगदी शोभून दिसतात. कलमं तर किती कडक, बायकांच्या रक्षणाची! पण तीच कलमं आणि तो चाळीस डॉलरचा भाव एकाच जहाजावरचे आहेत. बलात्कार केला तर मुंडकं, विकत घेतली तर लग्न. कायदा होता तो मालाची नासधूस होऊ नये, माणसांत तंटे होऊ नयेत म्हणून, असं मला तरी आता वाटतं. मोकळ्या पायांच्या बाईच्या हाताखाली बांधलेल्या पायांच्या बायकांची विक्री झाली. गादीवर बाई बसली म्हणून खालच्या बायकांचं आपोआप काही बदलत नाही. हे फक्त चाच्यांबद्दल खरं नाही, आणि अठराशे नऊपुरतंही नाही.

* * *

शेवट कसा झाला ते सांगते, कारण तिथे वहिनी बाकी सगळ्या चाच्यांपेक्षा वेगळ्या ठरतात.

नोव्हेंबर १८०९ मध्ये बादशाही आरमार आणि मकावच्या पोर्तुगीजांनी मिळून लाल आरमाराला लांताऊ बेटाजवळ तुंग चुंगच्या खाडीत कोंडलं. हाँगकाँगचा आजचा विमानतळ याच खाडीच्या तोंडाशी आहे. (मकावचा कारभार तेव्हा गोव्याच्या अखत्यारीत होता, १८४४ पर्यंत.) बादशाही आरमारानं पेटती जहाजं सोडली, वारा फिरला आणि त्यांचीच जहाजं पेटली. लाल आरमार निसटलं. पण काळ्या आरमाराचा म्होरक्या गुओ पोदाई मदतीला आला नाही, उलट काही आठवड्यांत झांग बाओवर उलटला आणि जानेवारी १८१० मध्ये सरकारला शरण गेला. त्याला माफी मिळाली, सरकारी हुद्दाही मिळाला.

आपण जिंकू शकतो, पण किती दिवस? हा प्रश्न वहिनींना वेळेवर पडला. फेब्रुवारीत समुद्रावरच बोलणी झाली, अविश्वासापोटी फिसकटली. मग एप्रिलमध्ये त्या शस्त्र न घेता, बरोबर सतरा बायका-मुलं घेऊन थेट ग्वांगझूला सुभेदाराच्या कचेरीत गेल्या. आणि अटी मान्य करून घेऊनच उठल्या. माफी, जमवलेला पैसा आपल्याकडे, झांग बाओला लष्करात हुद्दा, त्याच्याकडे काही जहाजं, आणि दोघांच्या लग्नाला मान्यता. २० एप्रिल १८१० ला १७,३१८ माणसं, २२६ जहाजं आणि १,३१५ तोफा सरकारजमा झाल्या. सगळेच काही सुटले नाहीत. शंभराहून जास्त जणांना मृत्युदंड झाला, कित्येकांना हद्दपारी.

रॅकम फासावर गेला, मेरी रीड जमैकात मेली. वहिनी घरी गेल्या. झांग बाओ सरकारी अधिकारी म्हणून बढत्या घेत राहिला आणि १८२२ मध्ये वारला. वहिनी मुलाला घेऊन ग्वांगडोंगला परतल्या, जुगाराचा अड्डा चालवला, आणि १८४४ मध्ये अंथरुणावर मेल्या. वय एकोणसत्तरच्या आसपास.

एक किस्सा मात्र राहिला. १८४० साली पासष्टीच्या वहिनींनी एका सरकारी अधिकाऱ्यावर फिर्याद ठोकली. तीस वर्षांपूर्वी झांग बाओनं त्याच्याकडे जमीनजुमला घ्यायला अठ्ठावीस हजार टेल चांदी दिली होती, ती त्यानं खाल्ली, अशी तक्रार. फिर्याद पोचली त्या वेळचा सुभेदार लिन झेशू याच्यापर्यंत. हाच तो लिन झेशू, ज्यानं इंग्रजांची अफू नष्ट केली आणि मग पहिलं अफूचं युद्ध पेटलं. इंग्रजांची आरमारी जहाजं येऊ घातलेली आणि या गृहस्थापुढे एका निवृत्त चाचे बाईचा पैशाचा दावा! त्यानं बादशहाला कळवून तो निकालात काढला. पैसे काही मिळाले नाहीत.

मला हा किस्सा त्या सगळ्या तोफांपेक्षा आवडतो. जिनं आयुष्यभर दुसऱ्यांची पै पै नोंदवून लुटली, तिला स्वतःच्या पैशासाठी सरकारी कचेरीत अर्ज द्यावासा वाटला. आणि बघा, इथेही ती आपल्याला दिसते ती सरकारी कागदामुळेच. अ‍ॅन आणि मेरी साक्षीत, ग्रॉन्या प्रश्नावलीत, वहिनी शरणागतीच्या यादीत आणि फेटाळलेल्या दाव्यात. ज्यांच्यावर कुणी खटला भरला नाही, ज्या फक्त वल्हं मारत राहिल्या किंवा चाळीस डॉलरला विकल्या गेल्या, त्यांचं एकीचंही नाव कुठे नाही.

असो. लेख ठरवल्यापेक्षा बराच लांबला. मोरोक्कोतल्या तेतुआनची सय्यिदा अल-हुर्रा राहिलीच, १५४२ पर्यंत तिनं तिथे राज्य केलं आणि भूमध्य समुद्रात चाचे पाठवले. तिच्यावर पुन्हा एखाद्या शनिवारी. तोपर्यंत 'चाचा'ला बरं स्त्रीलिंग कुणाला सुचलं तर जरूर कळवा. 'चाची' सोडून :)